१४ मार्च : ‘आलम आरा’चे प्रदर्शन आणि ईडन गार्डन्सवरचा एकही गडी न पडलेला दिवस

धागाकर्ता : फळेकरी

आमच्या वाचनालयाच्या दाराशी दिनविशेषाचा फळा आहे आणि तो लिहिण्याचे काम बऱ्याच वर्षांपासून माझ्याकडे आहे. फळ्यावर जागा बेताची असल्यामुळे प्रत्येक घटनेच्या वाट्याला एकच ओळ येते आणि त्या ओळीत त्या दिवशी नेमके काय घडले हे क्वचितच मावते. मनोरंजन आणि क्रीडा या दोन रकान्यांच्या बाबतीत १४ मार्च हा मला वर्षातला सर्वांत अवघड दिवस वाटतो. १९३१ साली या तारखेला गिरगावातील मॅजेस्टिक सिनेमागृहात ‘आलम आरा’ हा भारतातील पहिला बोलपट प्रदर्शित झाला, आणि २००१ साली याच तारखेला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर व्ही. व्ही. एस. लक्ष्मण आणि राहुल द्रविड यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध अख्खा दिवस एकही गडी पडू न देता खेळून काढला. दोन्ही घटना आपापल्या क्षेत्रात पहिल्या पंक्तीच्या आहेत, म्हणून त्या थोड्या विस्ताराने मांडतो.

‘आलम आरा’चे निर्माते-दिग्दर्शक अर्देशिर इराणी यांचा जन्म पुण्याचा. अमेरिकन बोलपट पाहिल्यावर आपणही असा चित्रपट काढायचा असे त्यांच्या मनाने घेतले आणि त्यासाठी त्यांनी जोसेफ डेव्हिड यांचे पारशी रंगभूमीवरचे नाटक निवडले. आवाज बाहेरच रोखणारे स्टुडिओ तेव्हा आपल्याकडे नव्हते. चित्रीकरणाची जागा लोहमार्गालगत असल्यामुळे दिवसा गाड्यांची धडधड ध्वनिमुद्रणात शिरत असे, म्हणून बरेचसे काम मध्यरात्रीनंतर, गाड्या थांबल्यावर करावे लागले. चित्र आणि आवाज एकाच वेळी एकाच फितीवर उमटत असल्याने मायक्रोफोन कॅमेऱ्याच्या नजरेआड दडवून ठेवावे लागत. पार्श्वगायनाची सोय नव्हती, त्यामुळे नट स्वतः गात असत आणि पेटी-तबल्याचे साथीदार चौकटीबाहेर बसून साथ करीत. चित्रपटात सात गाणी होती. त्यांपैकी फकिराच्या भूमिकेतील वझीर महंमद खान यांनी गायलेले गाणे हिंदी चित्रपटातील पहिले गाणे मानले जाते.

प्रदर्शनाच्या दिवशी शनिवार होता. चित्रपट शुक्रवारीच लागायचा ही आपल्या अंगवळणी पडलेली रीत तेव्हा रूढ नव्हती, हे जाता जाता नोंदवतो. मॅजेस्टिकसमोर इतकी गर्दी लोटली की बंदोबस्तासाठी पोलीस बोलवावे लागले आणि चार आण्यांचे तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेले, असे त्या दिवसाच्या आठवणींत सांगितले जाते.

आता ईडन गार्डन्सकडे वळतो. ऑस्ट्रेलियाने लागोपाठ सोळा कसोटी जिंकल्या होत्या आणि त्यांतली सोळावी याच मालिकेत, वानखेडेवर, भारताविरुद्धच जिंकली होती. ११ मार्चला सुरू झालेल्या कोलकाता कसोटीत त्यांनी ४४५ धावा केल्या, भारताला १७१ धावांत गुंडाळले आणि फॉलोऑन दिला, म्हणजे लगेच पुन्हा फलंदाजीला लावले. तिसऱ्या दिवसअखेर भारताच्या दुसऱ्या डावात ४ बाद २५४ धावा झाल्या होत्या, म्हणजे डावाचा पराभव टाळायलाही अजून वीस धावा हव्या होत्या. १४ मार्च हा सामन्याचा चौथा दिवस. त्या दिवशी ९० षटकांत ३३५ धावा निघाल्या आणि खेळ संपला तेव्हा फलकावर ४ बाद ५८९ होते. लक्ष्मण २७५ आणि द्रविड १५५, दोघेही नाबाद.

माझे म्हणणे असे आहे की तारखेचा खरा मान दुसऱ्या घटनेला आहे, कारण तेथे जे घडले ते सकाळपासून संध्याकाळपर्यंतच्या त्या एका दिवसातच घडले. ‘आलम आरा’च्या बाबतीत काम आधीच्या कित्येक रात्रींत पार पडले होते आणि १४ मार्च हा त्याचा केवळ लोकांसमोर येण्याचा दिवस होता. जाणकारांनी आपले मत द्यावे, आणि याच तारखेच्या आणखी नोंदी सुचवायच्या असल्यास त्याही कारणांसह सुचवाव्यात.

प्रतिसाद : ठाकूरद्वार

फळेकरी, धाग्याचा विषय आवडला, पण आपला निष्कर्ष मला मान्य नाही. बोलपट डब्यात असेपर्यंत तो बोलत नाही. इराणींना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो यंत्रावर ऐकू आला असेल, तरी भारतातील प्रेक्षकाने पडद्यावरच्या माणसाला आपल्या ओळखीच्या भाषेत बोलताना प्रथम ऐकले ते १४ मार्चलाच, आणि मैलाचा दगड म्हणतात तो हाच. जाहिरातीतसुद्धा नेमका याच गोष्टीवर भर होता : अठ्ठ्याहत्तर मेलेली माणसे जिवंत झाली आहेत, त्यांना बोलताना पाहा, अशा आशयाचा मजकूर तेव्हा छापला गेला होता.

या घटनेचा मराठी धागा आपल्या लेखात यायला हवा होता. चित्रपटाचे नायक मास्टर विठ्ठल हे आपलेच. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून पुढे आलेले हे नट मूकपटांच्या काळात साहसपटांचे अनभिषिक्त राजे होते. इम्पीरियलकडे, म्हणजे इराणींच्या चित्रपट कंपनीकडे, येण्यासाठी त्यांनी शारदा स्टुडिओशी असलेला करार मोडला, तेव्हा प्रकरण कोर्टात गेले आणि विठ्ठल यांची बाजू बॅरिस्टर जिनांनी मांडून जिंकून दिली. एवढा खटाटोप करून आणलेल्या नायकाची हिंदुस्तानी बोली मात्र बोलपटाला पुरेशी पडेना, म्हणून त्यांच्या वाट्याला संवाद अगदी थोडे ठेवण्यात आले आणि कथेतला बराच काळ त्यांना अर्धवट शुद्धीत दाखवण्यात आले. पहिल्या बोलपटाचा नायक जवळजवळ मुकाच राहावा, यात त्या १४ मार्चची सगळी उलथापालथ दिसते. तलवार फिरवणे, घोड्यावरून झेप घेणे आणि दणकट शरीर असणे या भांडवलावर उभी राहिलेली कारकीर्द त्या दिवसापासून उच्चारांच्या दारात अडली. विठ्ठल पुढेही मराठी चित्रपटांत काम करीत राहिले, परंतु मूकपटांतले त्यांचे स्थान त्यांना परत मिळाले नाही. नायिका झुबेदा आणि तरुण पृथ्वीराज कपूर यांना बोलपट मानवला, विशेषतः पृथ्वीराज यांना.

आणखी एक स्थानिक बाब. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ज्या कोरोनेशन सिनेमागृहात लोकांसाठी खुला झाला तेही गिरगावातलेच. म्हणजे मूकपटाचा आणि बोलपटाचा आरंभ चालत जाण्याइतक्या अंतरावर झाला. मॅजेस्टिक चित्रपटगृह आता उरलेले नाही, पण त्याच्या शेजारी केशवराव कोठावळे यांनी सुरू केलेल्या पुस्तकांच्या दुकानामुळे ते नाव मराठी वाचकांच्या तोंडी राहिले, हे आपल्या वाचनालयाच्या फळ्यावर लिहायला हरकत नसावी.

प्रतिसाद : अंकगणिती

वर्षात ३६६ तारखा आहेत आणि चित्रपट, नाटक, संगीत, क्रिकेट, हॉकी, कुस्ती यांतल्या लक्षात ठेवण्याजोग्या घटना हजारोंनी आहेत, तेव्हा कोणत्याही तारखेला दोन-चार मोठ्या नोंदी एकत्र येणे अपरिहार्य आहे. त्यात योगायोगाचे नवल मानण्यासारखे काही नाही. नवल वाटायला हवे ते एखादी तारीख पूर्ण रिकामी सापडली तर.

वाढदिवसांना मात्र या रकान्यांत जागा देऊ नये, अशी सूचना आहे. आमिर खान यांचा जन्म १४ मार्च १९६५ चा आणि फरीदा जलाल यांचा १४ मार्च १९४९ चा. दोघेही मोठे कलावंत आहेत, पण त्या दिवशी त्यांनी काही केलेले नाही. फार तर एवढे म्हणता येईल की ज्या २००१ सालच्या १४ मार्चला ईडनवर हा पराक्रम घडला, त्याच वर्षी १५ जूनला आमिर खान यांचा क्रिकेटवरचा ‘लगान’ आला. परंतु तो दुवा सालाचा आहे, तारखेचा नाही.

प्रतिसाद : यष्टीमागून

चौथ्या दिवसाबद्दल फळेकरींनी फक्त आकडे दिले आहेत, म्हणून खेळाबद्दल थोडे लिहितो.

लक्ष्मण पहिल्या डावात ५९ धावा काढून शेवटी बाद झाला. फॉलोऑन मिळताच त्याला पॅड न सोडता तिसऱ्या क्रमांकावर जाण्यास सांगण्यात आले आणि नेहमी तिसऱ्या क्रमांकावर खेळणारा द्रविड सहाव्या क्रमांकावर गेला. संघाच्या दृष्टीने हा बदल साधा नव्हता, कारण द्रविडसाठी ती पदावनती होती आणि शतकानंतर त्याने बॅट पत्रकार कक्षाच्या दिशेने ज्या आवेशाने रोखली त्यावरून ती त्याला किती लागली होती हे दिसले. लक्ष्मणची पाठ सामन्याआधीपासून दुखत होती आणि द्रविडच्या अंगात ताप होता. मार्चमधल्या कोलकात्याच्या दमट उकाड्यात हे दोघे पूर्ण दिवस उभे राहिले.

त्या खेळीतले सर्वांत विलक्षण दृश्य शेन वॉर्नविरुद्धचे होते. वॉर्न लेग स्टंपच्या बाहेर, गोलंदाजांच्या बुटांनी उकरलेल्या खडबडीत पट्ट्यात चेंडू टाकत होता, जेथून तो फलंदाजाच्या पुढून हातभर वळत होता. लक्ष्मण एकाच टप्प्याचा चेंडू कधी पाय सरसावून, लेग स्टंपच्या बाहेर सरकून कव्हरमधून सीमेपार धाडीत असे, तर कधी तसाच चेंडू वळणाविरुद्ध मनगटांनी मिडविकेटकडे फिरवीत असे. त्यामुळे क्षेत्ररक्षक कोठे उभे करावेत हेच स्टीव्ह वॉला ठरवता येईना. वॉर्नने त्या डावात १५२ धावा देऊन एक बळी घेतला. दिवस पुढे सरकला तसे पाँटिंग, हेडन, स्लेटर आणि लँगर यांच्याही हाती चेंडू द्यावा लागला; त्या डावात नऊ जणांनी गोलंदाजी केली, म्हणजे यष्टिरक्षक गिलख्रिस्ट आणि स्वतः कर्णधार एवढेच बाकी राहिले. गावसकर यांचा नाबाद २३६ धावांचा भारतीय उच्चांक लक्ष्मणने त्याच दिवशी मागे टाकला.

तरीही प्रश्न विचारतो : विजय १५ मार्चला मिळाला, मग नोंद १४ ची का? १५ तारखेला सकाळी लक्ष्मण २८१ वर बाद झाला, ३७६ धावांची भागीदारी संपली, द्रविड १८० वर धावबाद झाला, भारताने ७ बाद ६५७ वर डाव सोडला आणि ऑस्ट्रेलियासमोर ३८४ धावांचे लक्ष्य ठेवले. ३ बाद १६६ अशा भक्कम स्थितीतून त्यांची अवस्था ८ बाद १७४ झाली आणि ते २१२ धावांत संपले. हरभजन सिंगने सामन्यात १३ बळी घेतले, तेंडुलकरने अखेरच्या दिवशी गिलख्रिस्ट, हेडन आणि वॉर्न यांना पायचीत केले. फॉलोऑननंतर कसोटी जिंकण्याची ती इतिहासातली केवळ तिसरी वेळ होती. आधीच्या दोन्ही, १८९४ ची सिडनीची आणि १९८१ ची हेडिंग्लेची, इंग्लंडच्या नावावर होत्या. चौथ्या दिवशीच्या ३३५ धावांनंतर सामना अनिर्णित राहिला असता, तर आज ती तारीख कोणी फळ्यावर लिहिली असती का?

प्रतिसाद : सीमापार

मी न्यू जर्सीत राहतो आणि तारखेच्या चर्चेत आमच्यासारख्यांची एक वेगळीच अडचण मांडतो. मार्चच्या मध्यावर २००१ साली येथील घड्याळ भारताच्या साडेदहा तास मागे होते. कोलकात्यात १४ मार्चच्या सकाळी पंचांनी खेळ सुरू केला तेव्हा आमच्याकडे १३ तारखेची रात्र होती आणि खेळ संपला तेव्हा १४ तारीख उजाडत होती. संगणकाच्या पडद्यावर धावफलक पुन्हा पुन्हा उघडून पाहणाऱ्या आम्हा लोकांच्या आठवणीत ती भागीदारी एका रात्रीची आहे आणि तिच्या पोटात तारीख बदललेली आहे. घटना जेथे घडली तेथील तारीख धरावी हा नियम योग्यच आहे, परंतु ‘एकाच दिवशी’ हा शब्दप्रयोग वाटतो तितका पक्का नाही.

येथे १४ मार्च हा दिवस गणितातल्या पायचा दिवस म्हणून साजरा होतो, कारण अमेरिकन पद्धतीत महिना आधी लिहिला जातो आणि ३-१४ असे आकडे येतात. क्रीडाजगतात स्टीफन करी आणि सिमोन बाइल्स यांचा जन्म या तारखेचा, अनुक्रमे १९८८ आणि १९९७ चा. अंकगणिती यांचा वाढदिवसांवरचा आक्षेप मान्य असल्यामुळे त्यांच्यासाठी फळ्यावर जागा मागत नाही.

प्रतिसाद : कृष्णाकाठ

दोन नोंदी सुचवतो.

पहिली क्रिकेटचीच आहे. १४ मार्च १९९६ रोजी मोहालीत विश्वचषकाचा दुसरा उपांत्य सामना झाला. ऑस्ट्रेलियाची सुरुवातीला ४ बाद १५ अशी दाणादाण उडाली होती, तेथून स्टुअर्ट लॉ आणि मायकेल बेव्हन यांनी त्यांना २०७ पर्यंत नेले. वेस्ट इंडीज २ बाद १६५ वर असताना सामना हातात आल्यासारखाच होता, आणि तेथून त्यांनी उरलेले आठ गडी ३७ धावांत गमावून पाच धावांनी पराभव ओढवून घेतला. कर्णधार रिची रिचर्डसन दुसऱ्या टोकाला ४९ धावांवर नाबाद उभा राहिला. त्याच्या आदल्याच रात्री, १३ मार्चला, ईडन गार्डन्सवर श्रीलंकेविरुद्ध भारत ८ बाद १२० अशा अवस्थेत असताना प्रेक्षकांच्या दंग्यामुळे सामना थांबवून श्रीलंकेला बहाल करण्यात आला होता आणि विनोद कांबळी रडत मैदानाबाहेर आला होता. याच मैदानाने पाच वर्षांनी लक्ष्मण-द्रविडचा दिवस पाहिला, हे आठवले की १३ आणि १४ मार्च या दोन तारखा मला एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत.

दुसरी नोंद मनोरंजनाच्या रकान्यात बसते की नाही हे फळेकरींनी ठरवावे. सुरेश भट १४ मार्च २००३ रोजी नागपुरात गेले आणि विंदा करंदीकर १४ मार्च २०१० रोजी मुंबईत. दोघांची ओळख प्रथम साहित्याची असली तरी दोघांनी मराठी श्रोत्यांना सभागृहात बसवून कविता ऐकायला लावली. विंदा, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर यांनी गावोगाव रंगवलेली कवितावाचने आणि भटांच्या गझलांच्या मैफली ज्यांनी ऐकल्या आहेत, ते त्यांना केवळ छापील पानापुरते ठेवणार नाहीत.

प्रतिसाद : फळेकरी

सर्वांचे आभार. क्रमाने उत्तरे देतो.

यष्टीमागून यांचा प्रश्न रास्त आहे, पण माझे उत्तर ‘होय, लिहिली असती’ असे आहे. सामना अनिर्णित राहिला असता तरी सलग सोळा विजयांचा घोडा अडला असता आणि अडवणारा दिवस हाच ठरला असता. शिवाय १५ मार्चच्या फळ्यावर आधीच गर्दी आहे, कारण १८७७ साली मेलबर्नला कसोटी क्रिकेटचा पहिला सामना सुरू झाला तो त्याच तारखेला. कोलकात्याचा विजय त्या ओळीखाली शोभून दिसेल, आणि भागीदारी १४ तारखेलाच राहील.

ठाकूरद्वार यांचा मास्टर विठ्ठल यांच्याविषयीचा मजकूर वाचल्यावर ‘पहिला बोलपट प्रदर्शित’ एवढीच ओळ लिहिणे मला आता जमणार नाही. प्रदर्शनाच्या दिवसाबाबत त्यांचा मुद्दाही पटतो. त्या दिवशी कोणीतरी ऐकले, म्हणून तो दिवस. मात्र तेथे आणखी एक खंत आहे. ईडनचा दिवस आज कोणालाही चित्रफितीवर पाहता येतो. ‘आलम आरा’ पाहता येत नाही, कारण त्याची एकही प्रत शिल्लक नाही. २००३ साली पुण्यात लागलेल्या आगीत शेवटची प्रत जळाली, असे वर्तमानपत्रांतूनही वारंवार लिहिले जाते. त्याबद्दल कोणी अधिक सांगावे.

विंदा आणि भट यांना मी साहित्याच्या रकान्यात पूर्ण जागा देतो, तेव्हा त्यांची ओळ चुकणार नाही. मोहालीची नोंद घेतली.

प्रतिसाद : ठाकूरद्वार

आगीची कथा खरी नाही. आग लागली होती आणि तिच्यात नायट्रेट फितींवरचे अनेक जुने चित्रपट गेले, हे खरे आहे. परंतु राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची उभारणी करणारे पी. के. नायर यांनी स्पष्ट सांगितले होते की ‘आलम आरा’ संग्रहालयाकडे कधी आलाच नव्हता. संग्रहालय १९६४ साली सुरू झाले आणि इराणी १९६९ पर्यंत हयात होते, त्यामुळे नायर यांनी त्यांच्याकडे जाऊन चौकशी केली होती. काही रिळे कोठेतरी पडलेली असतील, असे वृद्ध इराणींना वाटत होते. त्यांच्या मुलाने मात्र नंतर नायर यांना बाजूला घेऊन सांगितले की फितीतली चांदी काढून घेण्यासाठी ती रिळे आपणच केव्हाच मोडीत दिली. त्या काळी जुन्या चित्रपटांची अशी वासलात लावणे ही सर्रास रीत होती, तेव्हा एकट्या त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. आज जे पाहायला मिळते ते काही स्थिरचित्रे, जाहिराती आणि प्रसिद्धीपुस्तिका एवढेच.

प्रतिसाद : यष्टीमागून

फळेकरी, १५ मार्चच्या ओळीबाबत तडजोड मान्य आहे. फक्त १४ च्या ओळीत द्रविडचे नाव लक्ष्मणच्या बरोबरीने लिहावे, कारण बहुतेक ठिकाणी २८१ हा आकडा मोठ्या अक्षरांत आणि १८० हा कंसात असतो. त्या ९० षटकांत दुसरे टोक पडले असते तर पहिल्या टोकाला कोणी विचारले नसते.

प्रतिसाद : फळेकरी

दोन्ही नावे एकाच ओळीत आणि एकाच आकाराच्या अक्षरांत लिहीन. ‘आलम आरा’च्या ओळीत इराणींच्या जोडीला मास्टर विठ्ठल आणि मॅजेस्टिक यांना घेतो, आणि प्रत उपलब्ध नाही हेही लिहितो, आगीचा उल्लेख न करता. १५ मार्चसाठी वेगळा धागा काढत आहे. मेलबर्नच्या पहिल्या कसोटीतील चार्ल्स बॅनरमन यांच्या १६५ धावांविषयी ज्यांना लिहायचे असेल त्यांनी तेथे यावे.